डॉल्फिनांच्या सभेत आपली बाजू

जयनगर, बेंगळुरू

ती. व्यंकोजी भावोजींना अरविंदचा साष्टांग नमस्कार.

आसावरीताई, होडी आणि डॉल्फिनांनी शिल्लक ठेवलेली जाळी सुखरूप असोत, अशी रोज पूजेच्या वेळी प्रार्थना करतो. इकडे सौ. शुभदाचा गुडघा सोडल्यास सर्व ठीक.

आपल्या मच्छीमार सोसायटीने सभेसाठी मला प्रतिनिधी नेमले ते योग्यच केले. (मी पंख्यांच्या कारखान्यात आणि सभा डॉल्फिनांची, हे शुभदाने सुचवून पाहिले, पण गावच्या शाळेत शिकलेला माणूस कुठेही उभा राहतो.) समुद्राचा वारासुद्धा पोहोचत नाही अशा इथल्या एचएसआर लेआउट भागात विद्वान मंडळी पडद्यावर डॉल्फिन पाहत बसली होती. संख्या पुन्हा वाढू लागली म्हणून सगळे खुशीत. मी उठून ठणकावले, की ही वाढती संख्या आमच्या भावोजींच्या जाळ्यात जेवते आणि जाताना जाळे फाडते. आणखी एक हंगाम असा गेला तर होडी विकावी लागेल. मग, आम्ही काही त्यांचे वैरी नाही हे पटावे म्हणून, मी आपल्या गावची चालरीत सांगितली: जाळे टाकण्याआधी कालच्या मासळीतले टोपलीभर बांगडे समुद्राला नैवेद्य म्हणून सोडायचे. (इथे मी हात जोडले.)

तेव्हा दिव्यश्री नावाच्या संशोधक बाई म्हणाल्या, "सर, स्वल्प थांबा. टोपली सोडता तिथेच जाळे टाकता?"

"तिथेच."

"रोज?"

"एकही खाडा नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"मग ते बिचारे बोलावल्यावर येतात, सर."

भावोजी, मी रागावलो. पण रिक्षा जयनगरला येईपर्यंत विचार केला. नैवेद्याचे ताट मांडायचे आणि देव जेवला म्हणून तक्रार करायची, हे बरे नव्हे. तेव्हा सोसायटीत सर्वांना सांगून टोपली आजपासून बंद करावी आणि नारळ वाहावा. नारळ डॉल्फिन खात नाहीत. (मी विचारून घेतले.) पुढच्या हंगामात तुमची जाळी शाबूत राहतील, याबद्दल मला शंका नाही.

आपला मेहुणा व सोसायटीचा प्रतिनिधी,
अरविंद

ता. क. नारळाची कल्पना माझी, असेच सोसायटीत सांगावे.

आणखी ता. क. आमच्या सिद्धीच्या लग्नासाठी मी नवस बोललेली टोपली मात्र तुमच्याच होडीतून, नेहमीच्या जागी चालू ठेवावी. नवस बांगड्यांचा आहे, तिथे नारळ चालणार नाही. जाळे फाटले तर कळवा, पण आधी मुलाकडचा होकार येऊ द्या.