सासूच्या नावाचं पोतं

३ ऑक्टोबर
सहाच्या ठोक्याला शिवणखान्याला कुलूप! नवा कायदा — आठ तासांच्या वर एक टाका नाही. माझी सून जार्किन उजेडात घरी! नाहीतर मुलगा रशियात, ही कामावर, आणि मी गायीशी गप्पा मारत जेवायची. गाय ऐकून घेते, पण उत्तर देते का? आज दोघींनी चहा प्यायला. बोलले मी एकटीच — ती हसत होती.

९ ऑक्टोबर
कायदा शिवणखान्याला आहे, घराला नाही म्हणे! मालक एर्मेक प्रत्येकीला घरी कापलेल्या कापडाचं पोतं देतो — कॉलरी जोडायच्या. तुकड्यामागचा दर तोच जुना. आठ तासांत भागत नाही, म्हणून सगळ्या घेतात. जेवण झालं की घरच्या मशीनची खडखड खडखड! मी विचारलं, "अगं, मग कायद्यानं केलं काय?"
"विजेचं बिल आपल्याकडे आणलं, आपा." आईसारखी मानून आपा म्हणते, आणि जीभ ही अशी. वात्रट!
मी शेजारी बसून धागे कापते. आमच्या लग्नात थोरल्या जावेची घोडी कशी पळाली ते सांगायला घेतलं — पण ते राहू दे. हात दुखतात. बरं वाटतं.

१५ ऑक्टोबर
तपासणीस आला होता. आठ तास भरलेल्या बाईच्या नावावर आता घरचं पोतंही लिहायचं नाही. एर्मेक कसला ऐकतो! सगळ्यांना उभं करून म्हणाला, "घरात सासू आहे ना? तिचं नाव सांगा, पोतं तिच्या नावावर लिहू."
एकीनंही तोंड उघडलं नाही! सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं ना आमच्यात. जार्किन म्हणाली, "मालक, आधी तुमच्या बायकोला तुमच्या आईचं नाव घ्यायला सांगा!" आणि हीच बया — गेल्या वर्षी दवाखान्यात माझं नाव धडाधड सांगत होती. घरी दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.
दर वाढवल्याशिवाय कुणाच्याच घरात पोतं येऊ द्यायचं नाही, असं ठरलंय सगळ्या बायकांचं. शाब्बास!

२० ऑक्टोबर
रोज संध्याकाळी बायकांची बैठक. जार्किन उशिरा येते, दमलेली. मशीनवर चादर टाकलीय. घर कसं गप्प.

२२ ऑक्टोबर
दुपारी एर्मेक आला. बिस्किटं आणली, पोतं दाराशी ठेवलं, तीन वाट्या चहा प्यायला, माझं सगळं ऐकलं — मध्ये एकदाही उठला नाही. मग विचारलं, "आपा, तुमचं नाव काय?"
नवरा गेल्यापासून मला नावानं हाक कुणी मारलेली नाही. सांगितलं.
"उल्कान आपा," तो म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.
पोतं आत घेतलंय. जार्किन अजून यायची आहे.