खांबापाशी अठरा सेकंद

३ मार्च, सोमवार
साहेबांना नवा साक्षात्कार झालाय — धावत्या गाडीत व्हिडिओ पूर्ण उतरलाच पाहिजे! रस्त्याकडेच्या खांबावर आमची वायफायची पेटी. तिचा टप्पा तीनशे मीटर, गाडीचा वेग साठ. म्हणजे हातात अठरा सेकंद. एवढ्यात साहेबांची एक शिंक आटपत नाही. महिनाअखेर जमलं तर मी कायम, नाहीतर नारळ.

५ मार्च
चाचणीला व्हिडिओ कोणता? साहेबांचं भाषण! एक्केचाळीस टक्क्यांवर अडकलं. पडद्यावर साहेब, तोंड उघडं. चाचणीगाडीचे ड्रायव्हरकाका निवृत्तीला आलेत, सहसा बोलत नाहीत. आज आरशातून बघून म्हणाले, "बरं दिसतंय की, मॅडम. आवाज नाही."

१० मार्च
नवी शक्कल — गाडी पोचायच्या आधीच पेटीने भाषणाचे तुकडे तयार ठेवायचे. बावन्न टक्के. साहेब म्हणाले, "अजून सुधारणा हवी." धन्य! मला वाटलं बिघाड हवाय.

१४ मार्च
शंभर टक्के!! पाचही फेऱ्यांत! मी हुशार आहे हे मला ठाऊकच होतं, पुरावा तेवढा नव्हता.

२१ मार्च
कायम झाल्याचं पत्र आलं. साहेब सगळीकडे सांगत सुटलेत, "आम्ही करून दाखवलं." अडकत होतं तेव्हा "तुझं ते" होतं. आईने पत्र फोनवर दोनदा वाचून घेतलं.

२६ मार्च, बुधवार
काका रजेवर. बदली ड्रायव्हर. गाडीत बाहेरचे पाहुणे. आणि भाषण पुन्हा बावन्न टक्क्यांवर! या वेळी साहेबांची दोन्ही तोंडं उघडी — पडद्यावरचं आणि शेजारचं. "उद्यापर्यंत कारण हवं," म्हणाले.

संध्याकाळी नोंदींमधला वेगाचा रकाना उघडला. पहिल्यांदाच! साठ सांगितलंय म्हणजे साठच असणार — काय हा आमचा अभ्यास! चौदा तारखेपासून काकांच्या प्रत्येक फेरीत खांबापाशी वेग वीस. माझ्या शक्कलेचं श्रेय ब्रेकला.

२७ मार्च
सकाळीच काकांना फोन केला. चिडूनच. "वेग का कमी केलात?"

"ते बावन्नवर अडकलं त्या दिवशी तुम्ही मागं बसून रडत होतात," ते म्हणाले. "मग खांब आला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. काही चुकलं का?"

"नाही," म्हटलं.

ते रडणं मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

२७ मार्च, दुपार
कायम झाल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर परत ठेवून आले. वेग कमी करायला मीच सांगितलं होतं, असं सांगितलं.