बाईंचं हसू

सोमवार

आले एकदाची! नवी नोकरी, नवा गणवेश, आणि कॅन्सरच्या अतिदक्षता विभागात खिडकीजवळची खाट माझ्या वाट्याला. खाटेवर गणिताच्या निवृत्त बाई. औषधांनी गाठ आटोक्यात आलीय, पण त्याच औषधांनी अंगातलं मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं. ते फार उतरलं तर हृदयाचा ठोका बिघडतो, म्हणून डाव्या हातात मॅग्नेशियमची बाटली सतत चालू आणि रोज रक्ताची तपासणी. आकडा टिकला तर शुक्रवारी बाई साध्या वॉर्डात.

मोठ्या सिस्टरांनी बजावलं, रक्त उजव्याच हातातून काढायचं. बाईंच्या लेकीने वेगळंच बजावलं: आई हसत नाही, वाईट वाटून घेऊ नका. तिच्या वर्गात म्हणे पंखासुद्धा दबकत फिरायचा.

मंगळवार

बाई हसल्या! तोंड पुसताना मी म्हटलं, पाढे विचारू नका हं, तेराचा मला अजून येत नाही. ओठाचा कोपरा टुणकन वर गेला. लेकीला सांगितलं तर तिचे डोळेच भरले.

उजव्या हाताच्या शिरा औषधांनी पार कडक झाल्यात. दोनदा टोचलं, पुन्हा टोचायचं जिवावर आलं. डाव्या हातात नळी आहेच की! बाटली जरा थांबवली आणि तिथूनच रक्त घेतलं. बाईंना कळलंही नाही. मोठ्या सिस्टरांनाही नाही.

बुधवार

आकडा झकास. डॉक्टरांनी बाटली मंद करायला सांगितली. आजही रक्त डाव्याच हातातून.

बाई मात्र बेचैन. बोटं चादरीवर सारखी थरथरतात. म्हणाल्या, आतून कुणीतरी हलवतंय. मी म्हटलं, आकडा उत्तम आहे, बाई. चुकीचं उत्तर दिल्यासारखं बघितलं माझ्याकडे. मग तोंड पुसताना पुन्हा हसल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवार, सकाळ

आकडा कालच्याहून चांगला. मग पाय का उडतायत? ठोकाही मध्येच अडखळला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे ना, मग दुसरं काहीतरी असेल. कुठेतरी चुकतंय. काय, ते कळत नाही.

गुरुवार, दुपार

बाई झोपल्या होत्या. मी काहीच बोलले नाही. फक्त कानाजवळ ओला कपडा लावला —

हसल्या.

पुन्हा लावला. पुन्हा. डोळे मिटलेले, ओठ ओढल्यासारखा. कपडा उचलला की हसू गायब.

माझ्या विनोदाला हसल्याच नव्हत्या. अंगातलं मॅग्नेशियम संपत आलं की गालाला नुसता हात लागला तरी ओठ उडतो, आम्हाला शिकवलंय हे — पण आकडा तर —

डावा हात.

नळीत उरलेलं बाटलीतलं औषधच तपासणीच्या रक्तात मिसळलं. रोज मी बाई तपासतच नव्हते. बाटली तपासत होते.

नंतर

मोठ्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच उजव्या हातातून रक्त काढलं, बाटली वाढवली, डॉक्टर लॅबला फोन करतायत. मला बाहेर बसवलंय. हाताला चाळा हवा म्हणून लिहितेय.

लेक आली. तिला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही. म्हणाली, "आज मी पुसू आईचं तोंड? माझ्याकडे बघूनही हसेल एकदा."

मी वहीतच बघत राहिले. ती आत गेली.

काचेतून दिसतंय — वाकलीय — कपडा गालावर — बाई हसल्या. लेक रडतेय, आनंदाने. वळून मला हात करतेय —

हसू थांबत नाहीये. कपडा उचललाय तरी — आता दुसरा गाल — खांदे — लेक अजून माझ्याकडेच बघून — मॉनिटरवर ठोका —