काम शोधता का?

३ फेब्रु., सोमवार
आज अकोट्यात सर्वे. घरांची नावं या वहीतही लिहायची नाहीत. प्रश्न तेच: गेल्या आठवड्यात काम केलंत का? नसेल तर शोधता का? एका दारात खाटेवर पापड वाळत घातलेले आणि बाई म्हणतात, "हुं कंई नथी करती, बेन." मग हे पापड? तर दुकानात जातात. म्हटलं, हे कामच झालं. त्यांना पटलं नाही. मी टॅबवर 'काम' असंच नोंदवलं.
घरी आले तर संजयने भाजी चिरून ठेवलेली.

६ फेब्रु., गुरुवार
डबा खाताना नयनाबेनला विचारलं, जो काम शोधतच नाही त्याला कशात धरायचं? ती या कामात जुनी. "ए बेरोजगार ना गणाय." दमून शोधायचं सोडलं असेल तरी? तरी नाही. म्हणजे माणसं थकली की आकडा खाली येणार, आणि पेपरात वाचून कोणाला तरी बरं वाटणार.
सावली गावातली कंपनी बंद झाली, संजयची फिटरची नोकरी गेली, तेव्हा रोज सकाळी फाइल घेऊन निघायचा. मकरपुरा, पादरा रोड, कुठे कुठे. हल्ली फाइल कपाटावर असते. कधीपासून, सांगता येणार नाही. विचारलंच नाही. परक्यांना मात्र दिवसभर विचारते.

११ फेब्रु., मंगळवार
यादीत आमचीच गल्ली आली. त्यात आमचंही घर. स्वतःचं घर स्वतः करायचं नसतं, म्हणून ते नयनाबेनकडे दिलं. घरी सांगायचं होतं. राहिलं. खरं तर राहिलं नाही, टाळलं.

१२ फेब्रु., बुधवार
दुपारी आले तर नयनाबेन बसलेली, सासूबाई चहा देत होत्या. मी सरळ स्वयंपाकघरात. ऐकू सगळं येत होतं.
आई म्हणाल्या, "शोधतोय ना. रोज जातो."
संजय म्हणाला, "नाही आई. दिवाळीपासून नाही शोधत."
नयनाबेनने कारण विचारलं, तो पुढचा प्रश्नच आहे. तो गुजरातीत बोलायला लागला. सगळीकडे आधी वय विचारतात म्हणाला, काय येतं ते नंतर. आता ते ऐकायला जावंसं वाटत नाही.
आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि हे तिला सांगितलं. राग आला. त्याचा की स्वतःचा, काही कळेना.

१६ फेब्रु., रविवार
आई देवळात गेल्यावर विषय काढला. मला का नाही सांगितलंस?
"तू विचारलं नाहीस. वाटलं, तुला माहीत आहे."
माहीत होतंच.
मग मीही सांगून टाकलं, सर्वेचं माझं काम मार्चअखेर संपतंय. पुढे काही ठरलेलं नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. उठला आणि पोहे भिजवले. आज बऱ्याच दिवसांनी एकत्र बसून खाल्लं.

१८ फेब्रु., मंगळवार
संजय सकाळीच पादऱ्याला गेला. सावलीच्या कंपनीत त्याच्याबरोबर असलेल्या एकाचं तिथे पंपदुरुस्तीचं दुकान आहे. दिवेलागणीला परत, नखांत ग्रीस. जाम झालेला पंप उघडून दिला म्हणे. मित्राने बळेच थोडे पैसे खिशात घातले. काम आलं की फोन करतो म्हणालाय.
जेवताना मला विचारतो, "हे तुमच्यात कशात धरतात?"
म्हटलं, आठवड्यात तासभर जरी केलं तरी काम.
"म्हणजे मी आता बेरोजगार नाही."
"नाही."
हिशेबाने तो गेल्या आठवड्यातही नव्हता. ते बोलले नाही.
आई म्हणाल्या, बरं झालं. तो ताट घेऊन उठला. मोरीकडे जाताना फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला.
"वाजला तर घे."