एका ओंडक्यातले तीन भाडेकरू

३ मार्च, खाबुरा
अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, शेतात मस्कतहून वसुंधरा मॅडम आल्या होत्या, भुंगे बघायला. म्हणाल्या, खजुराच्या त्या पडलेल्या ओंडक्यावर लक्ष ठेव. किती जातींचे आहेत ते बरोबर ओळखलंस, तर माझ्या कामावर घेण्याचं बघू. म्हणजे ऑफिस जॉब. म्हणजे फॅमिली व्हिसा! लगेच गावी बायकोला, रेवाला फोन. म्हटलं, बॅग भर. ती म्हणाली, आधी नीट ऐकून तरी घ्या. बायकांना धीर नसतो.

६ मार्च
जाती तीन. शालवाला: काळा, खांद्यावर पिवळी शाल. पिवळा: अख्खा पिवळा. टकल्या: काळाच, पाठीवरचे केस गेलेले, पंख फाटके.
पिवळ्याला मुठीत धरला. चावला नाही. मुकी जनावरं माणूस ओळखतात.

७ मार्च
शालवाल्याला धरला. हात वांग्यासारखा सुजलाय. वरच्या बेडवरचे एकनाथकाका म्हणाले, काय रे सागऱ्या, ह्याने नाय वाटतं ओळखलं तुला? दुर्लक्ष केलं.

११ मार्च
तिघंही एकाच भोकातून ये-जा करतात. काका म्हणाले, मग एका घरचेच असतील. म्हटलं, काका, आपल्या खोलीत तुम्ही गुहागरचे, मी देवरुखचा, झैन मुलतानचा. दार एकच ना? भुंग्यांचंपण बेड-स्पेसच, भाडं फक्त खाटेचं. काका सातवी, मी नववी नापास. फरक पडतो.

१४ मार्च
रेवाला अंगणवाडीत मदतनीसाची जागा येतेय. हो म्हणू का, विचारत होती. म्हटलं, मुळीच नको. इकडे आल्यावर तिकडे कोण जाणार? बरं म्हणून फोन ठेवला तिने. खुश असेल.

१९ मार्च
मॅडम आल्या. तीन जाती घडाघडा सांगितल्या, बेड-स्पेससकट. हसल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, जात एकच. पिवळे नर, त्यांना नांगीच नसते. शालवाल्या माद्या. आणि तुझा टकल्या म्हणजे त्यांची आई, राबून राबून केस झडलेली. कामाचं विचारलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला.
खलास.

२० मार्च
रेवाला सगळं सांगितलं. म्हटलं, अंगणवाडीचं हो म्हण. म्हणाली, ती जागा परवाच दुसरीला गेली.
मग तिने विचारलं, रोज बघत होतात, एकदाही वाटलं नाही का हो, आई आणि पोरं असतील?
नाही वाटलं. इथे एका खोलीत घरचं कोणी असतं कुठे?