वर्षालीची छोटी टेस्ट

८ जुलै, मंगळवार

ओपीडीत आज मुंगी शिरायला जागा नव्हती. बुद्ध्यांकाची पूर्ण टेस्ट घ्यायची तर दीड-दोन तास जातात. म्हणून सगळ्या मुलांची छोटीच घेतली — नुसती प्रश्नोत्तरांची. ठोकळे, चित्रं कपाटातच राहिली.

शेवटची वर्षाली. दुसरीतली, काळेवाडीची. वाचनात मागे म्हणून शाळेनं पाठवलेली. बाहेर बाकावर जागा नव्हती, म्हणून तिच्या वडिलांना आतच बसवलं. शेखर नाव. चाकणला कंपनीत नाईट शिफ्ट करून थेट आलेले. बिचारे खुर्चीतच घोरायला लागले!

पोरगी प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे नुसती बघायची. एकदा ओठ हलले, आवाज नाही. मी शून्य, शून्य मांडत गेले. रिपोर्टात लिहिलं — सौम्य बौद्धिक अक्षमता, विशेष शाळा सुचवते.

वडिलांना उठवून सांगितलं. "म्हंजे मंद हाय का ती?" मी म्हटलं, "हो, थोडी." मी घाईत होते.

९ जुलै

छोटी टेस्ट म्हणजे चाळणी, त्यावर निकाल द्यायचा नसतो — हे ट्रेनी मुलींकडून मीच घोकून घेते! जाऊ दे. उद्याही गर्दी आहेच.

२ ऑगस्ट, शनिवार

काळेवाडीत भाजी घेत होते. एक पोरगी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती — "काका, किडकी वांगी आमाला आन् चांगली त्यांना व्हय?" बघते तर वर्षाली! आधी हसू आलं, मग माझा रिपोर्ट आठवला.

सोबतच्या तिच्या आईला ओळख सांगून म्हटलं, "ही तर किती चुरुचुरु बोलते!"

"भाईर लई बोलती, मॅडम. घरात न्हाई. एकच खोली, हे नाईट करून दिवसभर झोपत्यात. पप्पा झोपले की तोंड उघडायचं न्हाई, अशी सवयच लावलीय मी तिला."

ती खुर्ची डोळ्यांपुढे आली. घोरणारे शेखर. पोरगी घरची शिस्त पाळत होती आणि मी शून्यं मांडत बसले! स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

"तुमचा रिपोर्ट बघून शाळेनं नाव काढायला सांगितलंय," आई म्हणाली. मी भर बाजारात हात जोडले. "नका काढू. चूक माझी आहे. गुरुवारी आणा, मी पूर्ण टेस्ट घेते." ती बाई घाबरून इकडेतिकडे बघायला लागली. पण येते म्हणाली.

७ ऑगस्ट, गुरुवार

वडील घरी. आई बाहेर बाकावर. दार बंद, सगळी सकाळ मोकळी ठेवलेली. ठोकळे मांडले. वर्षालीनं हातसुद्धा लावला नाही. खणखणीत आवाजात म्हणाली — "मला न्हाई येणार, मॅडम. मी मंद हाय ना? तुमीच तर सांगितलं पप्पांना."