राजपुत्राचा मखमली कोट

१२ तारीख, सकाळचे नऊ. रंग घोटून ठेवले आणि लिहायला बसलो.

प्रिय ताई, तुला आणि दाजींना नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळते. राजपुत्राचे तळहाताएवढे चित्र काढतो आहे, परदेशी मखमली कोट आणि पिसांच्या टोपीत.

काल त्या कोटात दुसराच मुलगा आणून बसवला. आईकडे जायचे म्हणून तो रडत होता. मी राजवाड्याच्या कारभाऱ्यांकडे पाहिले.

"हेच राजपुत्र. आता इथेच राहतील," ते म्हणाले. मग हसले. "कोट जरा ढगळच होतोय हो. तुमच्या घरी कोणी सहा-सात वर्षांचा?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

तुझ्या छोटूचा खोकला थांबला का? त्याला राजवाडा बघायला आणू नकोस. माझी चौकशी करत कोणी आले, तर मला भाऊच नाही म्हण.

तुझा,
धाकटा